चार भाकरींचा कातळ

दांडेघोळच्या शुश्रूषाघरासमोर एक सपाट कातळ आहे. त्यावर भाकरीएवढे चार गोल, फिकट डाग दिसतात. पाहुणे आले की आधी त्याला हात जोडतात. मग हे घर चालवणाऱ्या मंडळाचे जुने सेवक गणूतात्या म्हणतात, "हात जोडू नका. हितं कुनी देव न्हाई आला. हितं आमची लाज हाय."

फार जुनी गोष्ट सांगतात. आज घर आहे तिथे तेव्हा ठकू सुईणीचं खोपट होतं. गावातलं निम्मं माणूस तिच्या हातावर जन्मलेलं. एका वर्षी तापाची साथ आली आणि आजाऱ्यांची सेवा करता करता ठकूआजीच अंथरुणाला खिळली. तिच्या मागेपुढे कुणी नव्हतं. गावाने ठरवलं, एकेका घराने एकेक दिवस भाकरी पोचवायची. कातळावर ठेवायची, दुरडी झाकायची, लांबून हाळी द्यायची आणि मागे फिरायचं. आपण म्हातारीला उपाशी ठेवलं नाही, याचं सगळ्यांना केवढं समाधान.

चौथ्या दिवशी हैबती सुताराची पाळी होती. त्याने दुरडी उचलली तर खाली तीन भाकरी, एकीवर एक, जशाच्या तशा. काय झालं असेल ते त्याला तिथेच उमगलं. पण गावात सांगितलं तर 'तूच जाऊन बघ' म्हणतील, आणि घरी तर तान्हं मूल. मग हैबतीने आपली भाकरी त्या तिन्हींवर ठेवली, दुरडी झाकली आणि हाळी दिली. ती हाळी म्हणे त्याच्या स्वतःच्या कानालाही नीट ऐकू आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने तव्यावरची भाकरी ताटात टाकली. तिचा वास आला आणि हैबतीचा हात ताटाकडे जाईना. तो उठला आणि थेट खोपटात शिरला.

ठकूआजी जिवंत होती. दाराकडे तोंड करून पडली होती. पाण्याचं मडकं कोरडं.

"कोन?" तिने विचारलं.

हैबती तिच्या उशाशी बसला.

"भाकरीचा वास येत हुता रं," ती म्हणाली. "रोज येत हुता. उठायलाच येईना."

तिने एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर हैबतीला बरं वाटलं असतं. त्याने तिला पाणी पाजलं, चुलीवर पेज केली, चमचा चमचा भरवली. पण फार उशीर झाला होता. दोन दिवसांनी तिने त्याच्याच मांडीवर प्राण सोडला.

तिला पोचवून आल्यावर हैबती कातळावर बसला आणि त्या चारही वाळक्या भाकरी एकेक करून खाऊ लागला. आधीचे तिघेजण लांब उभे राहून बघत होते. त्यातल्या दोघांनी दुरडी उचलून खालची भाकरी पाहिली होती, पहिल्याने मागे वळूनही पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने एकेक जण पुढे आला आणि खाली मान घालून आपापली भाकरी मागून घेतली. चौघांनी त्या कातळावरच समोर ठेवून खाल्ल्या, ते चार डाग त्यांचेच, असं सांगतात.

त्या चौघांनी ते खोपट मोडू दिलं नाही. ज्याला कुणी नाही त्याला तिथे आणायचं आणि पाळीपाळीने त्याच्या उशाशी बसायचं, असं त्यांनी ठरवलं. चार घरांची पाळी पुढे गावाची झाली, गावाची सात गावांची झाली. हैबतीने केलेल्या पहिल्या बाजेच्या जागी आता सव्वीस खाटा आहेत, दोन परिचारिका आहेत, आजाऱ्यांना आणायला गाडी आहे.

आजही इथे कुणाच्या उशाशी ताट ठेवून निघून जायची मुभा नाही. शेवटचा घास होईपर्यंत बसायचं, रिकामं ताट आपल्या हाताने परत न्यायचं. आणि नवा सेवक आला की त्याला कातळावर बसवून चार दिवसांची शिळी भाकरी खायला देतात. ती संपली की गणूतात्या त्याला कातळापासून दारापर्यंत पावलं मोजत चालायला सांगतात.

बेचाळीसच भरतात. दाराशी पोचल्यावर आजवर कुणी मान वर केलेली नाही.