साकवाआधी नांगर

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा दिलेला शब्द पाळला जात असे, असं निदान लोक सांगतात. एका गावातला तेली सकाळी करडईचा घाणा लावून बसला होता. बैल फिरत होता, तेल ठिबकत होतं, शेजारीण आपल्या कोंबड्यांवर खेकसत होती. तेवढ्यात कोतवाल आला. परमुलखातला कुणी व्यापारी आलाय, त्याला वाटेकडेचा गायरान माळ पेठ बांधायला हवाय, आणि पाचही पंचांना चावडीवर बोलावलंय, असं सांगून तो पुढे गेला.

तेली पंचांपैकी एक होता. त्याने बैल सोडला आणि त्याच्या मनात पहिल्यांदा आला तो ओढा.

गाव आणि वैद्याचं घर यांच्यामधून तो ओढा वाहत असे. पावसाळ्यात फुगला की अलीकडचा माणूस अलीकडे आणि पलीकडचा पलीकडे. मागच्या श्रावणात तेल्याची बायको तापाने गेली, तेव्हा वैद्य समोरच्या काठावर औषधाची पुडी घेऊन उभा होता. तेली त्याबद्दल कुणाशी बोलत नसे. पण माळाच्या बदल्यात व्यापाऱ्याने ओढ्यावर दगडी साकव बांधून द्यावा, हे त्याने चावडीवर पोचेपर्यंत ठरवून टाकलं.

माळ सगळ्या गावाचा, तेव्हा मागण्यात गैर काही नव्हतं. पंचांनी माना डोलावल्या. पण त्या गावाची एक रीत होती. ज्याचा गूळ तोंडात घातला, त्याला त्या दिवशी अट घालायची नाही. घातली तर म्हणे गुळाचा अपमान होतो. व्यापाऱ्याला ही रीत कुणीतरी सांगितली असावी. तो गुळाची ढेप घेऊनच आला.

पहिल्या बैठकीत सगळ्यांनी गूळ खाल्ला आणि साकवाचं मागणं राहून गेलं. पुढच्या बैठकीत पुन्हा ढेप आली. या वेळी तेल्याने गूळ हातात घेतला नाही, आणि साकवाचं विचारलं.

व्यापारी हसला. "साकव ना? बांधू की. पेठ उभी राहू द्या, एक काय, दोन बांधू."

"आधी साकव, मग माळ," तेली म्हणाला.

पाहुण्यावर अविश्वास दाखवला म्हणून सोनार पंच तिथेच रुसून बसला. गूळ खाल्लेल्यांना अट घालता येत नव्हती, म्हणून त्यांनी विनंत्या सुरू केल्या. एकाला देवळावर कळस हवा होता, एकाला गावजेवण. सोनाराला वेशीवर कमान हवी होती, आणि तिच्यावर पंचांची नावं. व्यापारी सगळ्याला हो म्हणाला. साकवालाही म्हणाला, पण सगळ्यात शेवटी, उठता उठता.

आता राहिला नांगर. गावची जमीन द्यायची तर पाचही पंचांनी नांगराला हात लावून तिच्याभोवती रेघ ओढायची, अशी वहिवाट होती. चार हात तयार होते. पाचवा तेल्याचा.

सारं गाव घाण्याशी येऊन त्याला समजावू लागलं. कळस अडवून धरलास तर देव कोपेल, असं पुजारी सांगून गेला. पेठ झाली की तुझंच तेल जास्त खपेल, असं वाणी सांगून गेला. साकवाचं नाव कुणी काढेना.

सोनार म्हणाला, "तुझ्यापेक्षा तुझा बैल शहाणा. निदान पुढे तरी जातो."

"गोल फिरतो, सोनारदादा," तेली म्हणाला. "आपल्या चावडीसारखा."

शेवटी पाटील स्वतः आला. कट्ट्यावर टेकला आणि हळूच म्हणाला, "वहिनींचं मी विसरलेलो नाही. साकव होईल, माझा शब्द घे. पण आता गावाला ताटकळत ठेवू नकोस."

नाही म्हणायला हवं, हे तेल्याला कळत होतं. पण त्याच माणसांना तीच गोष्ट सांगून तो थकला होता, आणि बायकोचा विषय निघाल्यावर त्याला बोलवेना. दुसऱ्या सकाळी त्याने नांगराला हात लावला.

पेठ उभी राहिली. कळस चढला, जेवणावळी उठल्या, कमानीवर पाच नावं कोरली गेली, त्यात तेल्याचंही. साकवाचं विचारलं की व्यापारी म्हणे, दगड यायचाय. मग म्हणे, गवंडी आजारी आहे. मग म्हणू लागला, ओढा काही माझ्या माळात येत नाही. पंच त्याच्या दारात जात, तो त्यांच्या हातावर गूळ ठेवी, आणि ते गूळ खाऊन परत येत.

पुन्हा श्रावण आला. पाटलाच्या नातवाला ताप भरला आणि ओढा दुथडी भरून वाहू लागला. पलीकडे वैद्य, अलीकडे पाटील, त्याच्या शेजारी तेली.

"मला बोल रे काहीतरी," पाटील म्हणाला.

तेल्याने आपली घोंगडी पाटलाच्या खांद्यावर टाकली.

पाणी उतरलं तेव्हा ना नातू उरला होता, ना वैद्याला बोलावण्याचं कारण.

लहानथोर हो, एवढं ध्यानात ठेवा: मागायचं ते देण्याआधी मागावं, देऊन बसल्यावर मागणारा धनी राहत नाही, याचक होतो.

त्या ओढ्यावर साकव अजून झालेला नाही.