बांगड्या वाजल्या की कुलूप

निवृत्त तहसीलदार नाना घारपुरे यांचा नवा फोन नुसत्या बोलण्याने कुलूपबंद व्हायचा. बायकोच्या, माईंच्या बांगड्या वाजल्या, की नाना गरजायचे, "फोन, कुलूप लाव!" हुकूम ऐकणारं घरात तेवढंच एक उरलं होतं.

एकदा जेवताना त्यांनी सुनेला, केतकीला फर्मावलं, "तुझा फोन उघडून दे. मनात काळंबेरं नसेल तर कुलूप कशाला?"

केतकीने फोन उघडून पुढे ठेवला. "घ्या ना! फक्त एवढं सांगा, माईंची चाहूल लागली की तुम्ही रोज कुलूप लावता, ते कुठल्या काळ्याबेऱ्यासाठी?"

माईंनी आमटीचा डाव खाली ठेवला आणि फोनसाठी नानांपुढे हात पसरला. बांगड्या वाजल्या.

"फोन, कुलूप लाव!" नाना सवयीने ओरडले.

केतकीनेही पुढे ठेवलेला आपला फोन उचलून त्याला कुलूप लावलं.