पाळण्याची चीर

टेकडीखालच्या एका चिमुकल्या वाडीत बकुळा राहायची. घर गरीब. तिच्याकडे खेळणं एकच, लाकडी ठकी. खेळून खेळून त्या बाहुलीचं तोंड पुसून गेलं होतं. उरले होते दोन काळेभोर डोळे.

घरात छोटा भाऊ आला. आईने सुताराला गोधड्या शिवून दिल्या, त्याने बदल्यात पाळणा केला. लालचुटूक कठडा, त्यावर इवले इवले पोपट. हिरवे होते की पिवळे, आता नक्की सांगता येत नाही.

बारशाच्या दुपारी गाडीवान सखाकाकांची बैलगाडी पाळणा घेऊन आली. बकुळा धावली आणि थबकली. पाळण्याची फळी मधोमध चिरली होती!

"रिकामा पाळणा आणू नये म्हणून आत वरवंटा ठेवला गं," सखाकाका पुटपुटले. "गाडी हिसके देत होती, तो आपटत राहिला."

"अहो काका, वरवंटा बारशाला ठेवतात, प्रवासाला नाही!" आईचे डोळे भरले. "आता संध्याकाळी बाळाला निजवू कशात?"

ठकीला कवटाळून बकुळा परसातल्या जुईपाशी रडत बसली. तोच एका कळीतून मोतिया रंगाची परी बाहेर आली. तिचे पंख दवासारखे लुकलुकत होते.

"रडू नकोस, सोनुले. एक इच्छा माग. पण सूर्य मावळायच्या आत हं. आणि चीर कधी नाहीशी होत नाही, फक्त जागा बदलते. ती कुठे जावी, ते तूच सांगायचं."

बकुळाने अंगणाकडे पाहिलं. चूक सखाकाकांचीच होती. पण ते गाडीला टेकून पंच्याने डोळे पुसत होते. गाडीचं चाक चिरलं, तर ते खाणार काय?

सूर्य टेकडीला टेकला.

"माझ्या ठकीत जाऊ दे," ती हळूच म्हणाली.

"तिला दुखेल की गं!"

"मी फुंकर घालीन."

परी हसली. जुईचा वेल लख्ख उजळला आणि त्या उजेडात ती विरघळून गेली.

"बकुळे, ये गं! पाळणा धड झालाय!" आईची हाक आली.

बकुळाने भीत भीत ठकीकडे पाहिलं. चीर नेमकी पुसलेल्या तोंडाच्या जागी उमटली होती, दोन्ही टोकांना वर वळलेली. ठकी हसत होती!

संध्याकाळी पाळण्यात आधी वरवंटा निजला, मग बाळ.

ते बाळ मीच. बकुळाअक्का आता नाही, पाळणाही नाही. ठकी मात्र माझ्या टेबलावर असते. हे सारं असंच घडलं का, अशी शंका मला रोज येते. मग मी तिच्याकडे पाहतो, आणि हळूच फुंकर घालतो.