नववीच्या वर्गातलं कपाट

"...एवढं सगळं करूनही पोरं वाचत का नाहीत, माई?"

होटकर सर टेकडी चढून आले होते. धाप लागली होती, तरी प्रश्न पायरीवरूनच सुरू झाला होता.

दुपारच्या वेळी मठात कुणी नसतं. माई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या.

"आधी पाणी घे, नागनाथ."

"पाणी नको. उत्तर द्या."

माईंनी पुढची वात वळायला घेतली.

आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळालेली माणसं बसतात तसे सर बसले. ताठ.

"तुझं ते कपाट झालं?"

"झालं म्हणजे? सागवानी आहे. काचेची दारं. नववीच्या वर्गात, अगदी माझ्या टेबलामागे. आमदारांनी फीत कापली. पेपरात फोटो आला. तुम्हाला दाखवला होता की."

"दाखवला होतास. त्यात तू होतास, आमदार होते."

"कपाटही होतं."

"हो, मागे दिसत होतं थोडं."

सरांनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं.

"पुस्तकं मुलं घरी नेतात का रे?"

"घरी? काहीतरीच काय! तेलाचे डाग, धाकट्या भावंडांची चित्रकला... पुस्तकाची पार रया जाते. शनिवारी शेवटचा तास वाचनाचा. वर्गातच बसायचं, वाचायचं, घंटा झाली की पुस्तक जागेवर. मी दारात उभा राहून एकेकाचं दप्तर तपासतो. आजवर एक पुस्तक हललेलं नाही."

"आणि वाचत नाहीत म्हणतोस."

"जांभया देतात! माझ्या तोंडावर!"



सरांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढून त्यांच्यासमोर टाकलं.

"हे बघा. पुरावाच आणलाय. अंबिका येमूल म्हणून एक मुलगी आहे वर्गात. बाप यंत्रमागावर काम करतो. मागे एका पुस्तकाची पानं गायब व्हायला लागली. दर शनिवारी थोडी थोडी. एका शनिवारी मी दप्तरांबरोबर डबेही उघडायला लावले. हिच्या डब्यात भाकरीखाली पानं!"

"मग?"

"मग काय, उभी केली. पानं वर धरून वर्गाला दाखवली. म्हटलं, भाकरी गुंडाळायला रद्दी मिळत नाही का तुमच्याकडे?"

"वर्ग हसला असेल."

"हसणारच की."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. खाली मान. सोमवारी बाप आला, हे पुडकं टेबलावर आपटलं आणि म्हणाला, घ्या तुमचा माल. पोरीला चोर ठरवलंत, आता ती नाही यायची. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला बसवलीय म्हणे."

"तू उघडलंस हे?"

"उघडायचं काय त्यात? फाटकी पानं."

माईंनी कापूस बाजूला ठेवला. हात पदराला पुसले. वर्तमानपत्र उलगडलं.

आत फाटकी पानं नव्हती. एक वही निघावी तसं काहीतरी निघालं. पानांच्या कडा सरळ कापलेल्या. एका बाजूने टॉवेलच्या काठाला घालतात तसल्या निळ्या दोऱ्याने शिवलेल्या. बारीक, एकसारखी टीप. पहिल्या पानापासून सगळी पानं ओळीने लावलेली. वर कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर.

सर पुढे वाकले.

माई वाचू लागल्या. मोठ्याने. नावाड्याच्या मुलीची गोष्ट होती. बाप आजारी पडतो, गावातलं कुणी हिच्या होडीत बसायला तयार होत नाही, आणि एक दिवस ऐन पुरात ती एकटीच होडी सोडते...

ऊन पायरीवरून खाली उतरलं. माई पान उलटत होत्या. सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग पाहायचे थांबले.

"'...वल्हं हातातून सुटलं. तिने मागे वळून पाहिलं, तर काठावर'"

माई थांबल्या.

पुढे दोरा होता, आणि कव्हर.

"काठावर काय, नागनाथ?"

"अं?"

"काठावर कोण होतं? पुढे काय झालं?"

"ते... कपाटात असेल ना. उरलेलं पुस्तक आहे तिथे."

"पुस्तक कुठे आहे ते नाही विचारलं. पुढे काय झालं?"

सरांनी पुडक्याच्या वर्तमानपत्राची घडी घालायला घेतली.

"तू निवडून आणलेलं पुस्तक आहे."

"एवढी पुस्तकं आणली, माई. सगळी कुठे... वेळ कुणाला असतो?"

खाली रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

मग सरांचा आवाज चढला. पकडली गेलेली मोठी माणसं आवाज चढवतात, तसा.

"मला कसं कळणार? डब्यात सापडल्यावर कुणाला काय वाटेल? तोंड होतं ना तिला! सांगायचं होतं!"

"सगळा वर्ग हसत असताना?"

"...मी गेलो होतो तिच्या घरी. स्वतः गेलो होतो! कोण शिक्षक जातो हल्ली? बाप दारात आडवा उभा. मी म्हटलं, झालं गेलं सोडा, पोरीला पाठवा. पेपरात बातमी आलेला वर्ग आहे, पट कमी व्हायला नको. तर ती आतून बाहेर आली. खांद्यावर टॉवेलांचा गठ्ठा. मला म्हणाली..."



"काय म्हणाली?"

"म्हणाली, सर, मला वाचायला आवडत नाही."

माईंनी ते शिवलेलं पुस्तक मिटलं.

"तेवढं मात्र तू शिकवलंस तिला."