झिऱ्यावरचं पान

“म्हणजे आजही नाहीच?”

हर्षद वाळिंबे मठातल्या भिवबाबांवर जवळजवळ खेकसलाच. पाठीवर सॅक, हातात काठी, गळ्यात शिट्टी. मठात यायचा हा त्याचा सहावा रविवार.

बाबा भाकरीचं फडकं बांधत होते. “आधी धबधबा बघून येऊ.”

“पाच वेळा हेच म्हणालात! आणि पाचही वेळा अर्ध्या वाटेत बसून मला परत आणलंत. बाबा, मला नाम हवंय. वडील गेले तेव्हापासून घरात घटकाभर बसवत नाही. दर रविवारी उठतो आणि डोंगर गाठतो. बेचाळीस धबधबे झाले, सतरा तळी झाली. आज नाम दिलं नाहीत, तर मी पुन्हा येणार नाही. शेवटचं सांगतोय.”

“चल तर,” बाबा म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. अकरा वर्षं या मठात भाकऱ्या थापतोय, पण या माणसाने कुणाला सरळ उत्तर दिलेलं मी ऐकलं नाही. हो म्हणा, नाही म्हणा, काहीतरी एक म्हणा ना!

निघालो. आश्विन सरत आलेला. दिवस लहान, ऊन मात्र टाळू तापवणारं. हर्षद पुढे सुसाट. बाबा दर शंभर पावलांवर टेकतायत. मधल्या मध्ये मी, डोक्यावर भाकऱ्या, हातात पाण्याचा तांब्या.

खिंडीच्या अलीकडे एक झिरा आहे. कातळाच्या भेगेतून बारीक पाणी पाझरतं. भेगेत जांभळीचं पान दुमडून खोचलेलं होतं, आणि त्यावरून करंगळीएवढी धार पडत होती. हर्षद तिथे आधीच पोचला होता. आमच्या डोळ्यांदेखत त्याने ते पान उपसलं आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. ही पिशवी तो सॅकला बांधूनच हिंडतो. वेफर्सची पाकिटं, प्लास्टिक, दिसेल ते उचलतो.

“लोक काय काय कोंबून ठेवतात!” तो म्हणाला. “मोकळा केला झरा.”

अहो, मोकळा कसला! पान नसेल तर पाणी कातळावर पसरतं आणि शेवाळात जिरतं. ओंजळ भरत नाही. म्हणून इथे जो पाणी पितो तो जाताना ताजं पान खोचून जातो, मागून येणाऱ्यासाठी. सगळ्या वाडीची रीत आहे ही. मी सांगायला तोंड उघडलं...

बाबांनी माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट.

“पण बाबा...”

“चल.”

या वेळी बाबा पहिल्यांदाच खिंडीपर्यंत आले आणि तिथे नेहमीप्रमाणे बैठक मारली. “तू ये बघून,” हर्षदला म्हणाले.

तो काठी आपटत एकटाच गेला. आम्ही भाकरी खाल्ली, तांब्या संपवला. त्याची भाकरी ठेवली होती, पाणी ठेवायचं मात्र सुचलं नाही. ऊन कलल्यावर तो आला. चेहरा लालबुंद, ओठ पांढरे.

“बघितलास?” बाबांनी विचारलं.

“बघितला.”

“आणि त्याच्या वरचं तळं?”

“तेही. त्रेचाळीस आणि अठरा.” आवाज फुटत नव्हता. “पाणी आहे का?”

पाणी कुठलं! धबधबा कड्यावरून दरीत कोसळतो, तो वरून नुसता बघायचा. तळ्यात म्हशी बसलेल्या. त्याची बाटली कधीच रिकामी झालेली. माझीही जीभ टाळ्याला चिकटली होती, आणि सकाळी मला बोलू दिलं असतं तर ही वेळ आली नसती. मी बाबांकडे रागाने बघितलं. ते आकाशाकडे बघत होते.

उतरून झिऱ्यावर आलो. हर्षदने कातळालाच तोंड लावलं. चाटून बघितलं. तोंडात शेवाळ आलं, ते थुंकला.

“सकाळी इथे धार होती!”

“होती,” बाबा म्हणाले.

“मग गेली कुठे?”

“तुझ्या पिशवीत.”



मग त्याने पिशवी सोडली. पाकिटांच्या मधून ते पान काढलं. पार चुरगळलं होतं. पान हातात धरून त्याने माझ्याकडे बघितलं. दिवसभर मनात साठवलेलं मला त्याला सुनावायचं होतं, पण त्याचं तोंड बघून बोलवेना. मी हनुवटीने जांभळीकडे खूण केली.

पहिलं पान फाटलं. दुसरं खोचताना निसटलं, तेव्हा स्वतःवरच चरफडला. तिसरं बसलं. थेंब, थेंब, आणि मग धार.

तो पोटभर प्यायला. बाजूला झाला आणि सॅकसकट खाली बसला. सहा रविवारांत त्याला बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्याने पुसलं नाही.

आम्हीही प्यायलो. बाबांनी तर चार ओंजळी घेतल्या. सूर्य डोंगराआड गेला होता.

“बाबा,” हर्षद म्हणाला. सकाळचा आवाज नव्हता तो. “मग... नाम?”

आता तरी सरळ बोला, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

बाबांनी मिशा पुसल्या, काठी उचलली.

“पुढच्या रविवारी ये. पान वाळलेलं असेल.”