भिंतीपलीकडची हाक

पुष्कळ पूर्वीची गोष्ट. इतक्या पूर्वीची, की तेव्हा डोंगरापलीकडची बातमी गावात पोचायला दोन दिवस लागायचे.

त्या डोंगराच्या पायथ्याशी एका गावात ख्रिस्ताच्या भक्तांची लहानशी मंडळी होती. घरं मोजून वीस. पाळकाचं नाव शांतवन. माणूस भला, पण सदा धावपळीत. एका शेजारगावच्या मंडळीची गाणी प्रसिद्ध होती, म्हणून यांनीही गायनमंडळ काढलं. दुसऱ्या गावी शाळा होती, म्हणून यांनीही शाळा उघडली. तिसऱ्या गावी मोठा मेळा भरायचा, म्हणून यांनीही मांडव घातला. शाळेत शिकवायला कुणी नव्हतं, आणि मांडवाचं छप्पर अर्धंच राहिलं होतं.

शांतवन रोज पहाटे गुडघे टेकून म्हणायचा, “प्रभू, आमचं नेमकं काम कोणतं, ते दाखव.” आणि आमेन म्हणताच उठून पुढच्या कामाला पळायचा.

एका दुपारी मंडळीच्या देवळात गाण्याची तालीम चालली होती. मंडळीतले सर्वांत वडीलधारे थोमाबाबा ताल धरून होते. इतक्यात एक शेळी दारातून आत शिरली आणि मोठमोठ्यानं बें बें करू लागली.

“हाकला तिला!” थोमाबाबा कडाडले. “सगळा सूर मोडला.”

शांतवन काठी घेऊन उठला खरा, पण शेळीजवळ जाताच थबकला. तिची कास दगडासारखी तटतटली होती.

“बाबा, ही तान्हाबाईची शेळी. हिची धार निघालेली नाही.”

तान्हाबाई म्हणजे देवळाच्या भिंतीला लागून राहणारी एकटी म्हातारी. ती मंडळीतली नव्हती. घोंगड्या विणून पोट भरायची. शांतवन तिच्या झोपडीत शिरला, तेव्हा ती जमिनीवर पडलेली होती. मांडीचं हाड मोडलं होतं. हाताशी एक तांब्या, तोही रिकामा.

शांतवननं तिला घोट घोट पाणी पाजलं. “मावशी, कधी पडलीस?”

“परवा सांजच्याला.”

“अगं, मग हाक का नाही मारलीस?”

“मारली की रं बाबा. लई मारली.” म्हातारीच्या आवाजात राग नव्हता. “पण तुमचं गाणं चाललं होतं.”

शांतवननं हाडवैद्याला बोलावणं धाडलं, शेळीची धार काढली आणि म्हातारीच्या उशाशी बसून राहिला.

रविवारी उपासनेला उभं राहून त्यानं झालं ते सगळं सांगितलं. मग म्हणाला, “आमचं काम दाखव, असं मी देवाला विनवत होतो. ते काम भिंतीपलीकडे विव्हळत होतं. आजपासून आपण एकच गोष्ट धरू. या गावात कुणीही, मग तो कुठल्याही देवाला हात जोडो, आजारपणात एकटा पडणार नाही.”

थोमाबाबा उठले. “आणि गाणं? मेळा? शेजारची गावं हसतील आपल्याला.”

“हसू देत. वीस घरांत हात मोजकेच असतात, बाबा. ते कुठं लावायचे, एवढंच ठरवू.”

थोमाबाबा रागानं निघून गेले. पण संध्याकाळी शांतवन पेज घेऊन तान्हाबाईकडे गेला, तर ते आधीच तिथं बसलेले. म्हातारीच्या तोंडाशी दुधाची वाटी धरून, मान खाली घालून.

त्या वर्षी मांडव उतरवला. त्याच्या बांबूंची डोली झाली, आजाऱ्याला वैद्याकडे न्यायला. शेजारगावं खरंच हसली. शाळा बंद झाली, मुलं शेजारगावच्या शाळेत जाऊ लागली, आणि उपासनेतली गाणी बेसूरच राहिली.

पुढल्या हिवाळ्यात तापाची साथ आली. आसपासच्या गावांत लोकांनी भीतीनं दारं लावून घेतली. या गावातही माणसं दगावली. पण पाण्यावाचून कुणी तळमळलं नाही, आणि कुणीही शेवटचा श्वास एकट्यानं घेतला नाही. साथ ओसरल्यावर शेजारच्या तिन्ही मंडळ्यांचे पाळक आले आणि, आजाऱ्यांची सेवा कशी करता ते शिकवा, म्हणून शांतवनच्या ओसरीवर बसले.

तेव्हा लहानथोर हो, एवढं ध्यानात ठेवा: आपलं काम कोणतं असं देवाला विचारणाऱ्यानं आधी शेजाऱ्याची हाक ऐकावी.