बदललेला गडी

लई मागं, राजेमहाराजांच्या काळात, एक राज्य होतं. तिथं उंच खांबाला टोपली टांगून तिच्यात चेंडू टाकायचा खेळ चाले. खेळणारे घाम गाळत. एका गावातले बाप्ये मात्र पारावर बसून नुसत्या तोंडानं खेळत. राज्यातले पाच-पाच गडी प्रत्येकानं आपले म्हणून वाटून घेतलेले. ज्याचे गडी जास्त चेंडू टाकतील, तो जिंकला. कामधंदा सोडून दिवसभर तेच.

"माझा उंचाडा बघ. तुझे पाचही त्याच्या काखेत मावतील!"

"जा रे! तो दोनदा पळाला की बसतो जीभ काढून."

यातल्या एकाचा मुलगा खरंच खेळाडू होता. बापानं त्याला आपल्या पाचांत धरलं होतं. पोराला केवढं कौतुक! आईला सांगायचा, "बाबांनी सगळ्यांच्या आधी मला घेतलं."

एक दिवस खेळताना तो पडला. गुडघा फुटला. त्याला बैलगाडीत घालून घरी आणत होते. गाडी पारामागून चालली होती, आणि पारावर बाप कळवळून बोलत होता. पोरासाठी नव्हे हो!

"दिवेलागणीच्या आत गडी बदलता येतो ना? मग माझा पोरगा सोडला. दुसरा कोण उरलाय?"

पारावरच बसलेला घरशेजारी म्हणाला, "सोडलेला मी घेतो. तरणा आहे, गुडघा भरेल."

गाडीतल्या पोरानं ते सगळं ऐकलं. घरी आल्यावर तो बापाशी बोलला नाही.

शेजारी मात्र रोज येऊ लागला. तेल चोळायचा, "उठशील रे वाघा," म्हणायचा. पोरगं त्याची वाट बघू लागलं. आईला म्हणालं, "काकांना तरी माझी माया आहे."

मग वैद्यानं सांगितलं, "चालेल. उडी मात्र आता नाही."

शेजाऱ्यानं हाताचं तेल धोतराला पुसलं. "म्हणजे मलाही बदलावा लागणार," म्हणाला आणि गेला. परत फिरकला नाही.

पोरानं भिंतीकडे तोंड केलं. जेवण टाकलं. आई नवऱ्याला म्हणाली, "अहो, ते मरेल असं. घटकाभर बसा त्याच्यापाशी."

"बसतो गं. आज शेवटचा सामना आहे, तेवढा होऊ दे."

"बाप आहात की कोण?"

तो गेलाच. आणि जिंकलाही. नाचत घरी आला, तर चूल थंड. बायको पोराला घेऊन माहेरी गेली होती.

दोन दिवस त्यानं वाट पाहिली. मग धावत तिकडे गेला. पोरगा काठी टेकत दारात आला. बापाकडे नीट पाहिलं, आणि आत वळून म्हणाला,

"आई, कुणीतरी आलंय. पाणी दे त्यांना."

बाप पाणी प्यायला. बसा म्हणायला कुणी आलं नाही, तेव्हा वळून चालू लागला.

म्हणून सांगते, उपयोगी आहे तोवरच माणूस आपला, असं जो धरून चालतो, त्याला शेवटी आपलं म्हणणारं कुणी उरत नाही.